माळ्यावर सापडलेली जुनी छर्र्याची बंदूक: आधी ओळख, मग दुरुस्ती

जुनं घर आवरताना माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली छर्र्याची बंदूक हाती लागते, आणि पुढच्या तासाभरातच तिचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. कुणी नळीत रॉकेल ओततं, कुणी पॉलिश पेपरने गंजाबरोबर कारखान्याचे शिक्केही घासून टाकतं, कुणी ‘चालते का बघू’ म्हणत रिकामीच चाप ओढतं. चाळीस-पन्नास वर्षं माळ्यावर टिकलेली वस्तू अशी एका दुपारी बिघडते. चूक कामात नसते, कामाच्या क्रमात असते. म्हणून इथे क्रमावरच भर आहे.

हा लेख नळी मधून मोडून (म्हणजे बिजागरीसारखी खाली वाकवून) कॉक होणाऱ्या, म्हणजे स्प्रिंग दाबून बार काढायला तयार होणाऱ्या, स्प्रिंग आणि पिस्टनवर चालणाऱ्या बंदुकीबद्दल आहे. उदाहरणाला जर्मन घडणीची डायना मॉडेल २७ घेतली आहे, कारण तिच्यासारख्या रचनेच्या बंदुका पुष्कळ सापडतात.

१. पहिला दिवस: हत्यारं दूर ठेवा

बंदूक भरलेली आणि कॉक केलेली आहे असंच धरून चाला. तोंड वाळूच्या गोणीकडे ठेवा, बोट चापापासून लांब. मग नळी सावकाश मोडा.

सुरुवातीच्या खटक्यानंतर स्प्रिंगचा जोर हाताला जाणवला, तर बंदूक कॉक केलेली नाही. नळी शेवटपर्यंत सैल झुलत गेली, तर ती कॉक केलेल्या अवस्थेतच ठेवली गेली असावी किंवा आत काहीतरी तुटलं असावं. अशा वेळी मागच्या भोकात छर्रा दिसतो का ते बघा, पण तिथे बोट घालू नका. नळी बंद करा, तोंड वाळूवर रोखून चाप ओढा. रिकामा बार काढायची परवानगी फक्त या एका प्रसंगी आहे. समोर छर्रा नसेल तर पिस्टनला हवेची गादी मिळत नाही, तो सिलिंडरच्या टोकावर धातूवर धातू आपटतो. वॉशर फाटतं, स्प्रिंग मोडते.

इशारा: नळी उघडी असताना चाप कधीही ओढू नका. स्प्रिंग नळीला झटक्यात वर फेकते. बोट मध्ये असेल तर तुटतं, नसेल तर नळी मुळाशी वाकते किंवा दस्त्याला चीर जाते. सापडलेल्या बंदुकीची नळी बाजूने बघताना किंचित वर गेलेली दिसली, तर हा प्रकार आधी कुणीतरी केलेला आहे.

२. ही एअर गनच आहे ना?

हा टप्पा गाळू नका. नळी मोडणारी प्रत्येक बंदूक छर्र्याची नसते, एकनळी १२ बोअरही अशीच मोडते. तिच्या नळीचं भोक साधारण १८.५ मिमी असतं, म्हणजे अंगठा जाईल एवढं. तो फरक लगेच कळतो. फसवते ती .२२ ची काडतुसाची रायफल, कारण तिचं भोक ५.५ मिमीच्या एअर गनसारखंच दिसतं. तिथे मापावर विसंबू नका.

एअर गनमध्ये नळीच्या मागच्या भोकाभोवती चामड्याचं किंवा प्लॅस्टिकचं वॉशर असतं आणि समोर सिलिंडरच्या तोंडाला हवा यायचं बारीक छिद्र. काडतुसामागे मागे-पुढे सरकणारा बोल्ट (नळीच्या सांध्याचा बोल्ट नव्हे), काडतूस ओढून काढणारी नखी, काडतुसाच्या बुडावर आदळणारी पिन, यातलं काहीही दिसलं तर ते अग्निशस्त्र आहे. खोलू नका, साफ करू नका, गाडीत टाकून फिरवू नका. फोटो काढा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. आजोबांच्या नावावर परवाना होता म्हणून ती आपोआप तुमची होत नाही.

३. खुणा वाचणं

मऊ कोरड्या कापडाने फक्त धूळ पुसा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरपा धरा, समोरून न दिसणारी अक्षरं सावलीने उठून येतात. तरीही वाचता आली नाहीत तर बोटाने टाल्कम पावडर चोळा आणि वरची पुसून घ्या, खाचेत उरलेली पांढरी पावडर अक्षरं दाखवते. पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली तरी छाप निघतो आणि तो कायम जपता येतो.

शोधायच्या जागा: सिलिंडरचा माथा, नळीच्या मुळाचा चौकोनी भाग, सिलिंडरची मागची डावी बाजू, दस्त्याचं बूड. नंतर दस्ता काढल्यावर त्याच्या आतलं लाकूडही बघा.

डायनाच्या शिक्क्यात देवी डायना हातातली एअर गन डोक्यावर उंच धरून उभी असते, धनुष्य पायाशी टाकलेलं. बीएसए या ब्रिटिश कंपनीचा शिक्का म्हणजे तिवईसारख्या टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली. जर्मन डायनावर मागच्या डाव्या बाजूला बारीक आकड्यांत महिना आणि वर्ष असतं. ‘०४ ७८’ असं दिसलं तर एप्रिल १९७८. पंचकोनात ‘एफ’ अक्षर असेल तर बंदूक १९७० नंतर जर्मन बाजारासाठी बनलेली, ७.५ जूलच्या आत ऊर्जेची. सुरुवातीच्या बीएसए मीटिऑरमध्ये अनुक्रमांकाआधी ‘एन’ असेल तर ४.५ मिमी, ‘टी’ असेल तर ५.५.

इथली नेहमीची चूक: ‘डायना’ वाचलं की बंदूक जर्मन समजायची आणि जर्मन भाग मागवायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर डायनाची यंत्रसामग्री आणि नाव ब्रिटनकडे गेलं आणि स्कॉटलंडमध्ये मिलब्रो कंपनीने डायना नावानेच बंदुका काढल्या. रास्टाटच्या मूळ जर्मन कारखान्याचा माल त्या काळात ब्रिटनमध्ये ‘ओरिजिनल’ नावाने विकला जाई. अमेरिकेत हीच मॉडेल २७ ‘विंचेस्टर ४२७’ आणि ‘हाय-स्कोर ८०७’ या नावांनी गेली. शिवाय भारतात जर्मन घडणीच्या नकला झाल्याच. नावं तीन आणि भाग एकच, किंवा नाव एकच आणि भाग वेगळे, असे दोन्ही घोटाळे होतात. म्हणून नावावर नाही, मोजलेल्या मापावर भाग मागवा.

४. बोअर आणि परवाना

४.५ मिमी छर्र्यांची एक डबी आणा. नळीच्या मागच्या भोकात एक छर्रा ठेवा. कडेला घट्ट बसून अंगठ्याने ढकलावा लागला तर बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, ४.५ मिमी म्हणजे .१७७ इंच. आपल्या वजनानेच आत घसरला तर बोअर मोठं, बहुतेक ५.५ म्हणजे .२२.

हे माप खोलण्याआधी घ्यायचं कारण कायद्यात आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिमीपर्यंत बोअर आणि २० जूलच्या आत ऊर्जा असलेल्या एअर गनला परवाना लागत नाही. बोअर त्याहून मोठं किंवा ऊर्जा जास्त असेल तर लागतो. म्हणजे माळ्यावरची .२२ एअर गन ‘खेळण्यातली’ समजून चालत नाही. फोटो आणि माप घेऊन पोलीस ठाण्यात विचारा, बंदूक खांद्यावर टाकून जाऊ नका. उत्तर मिळेपर्यंत पुढचे टप्पे थांबवा.

५. तयारी

लागतं ते असं: स्क्रूच्या खाचेत लांबी-जाडीने नेमके बसणारे दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, पितळी पंच, छोटी हातोडी, व्हर्नियर, चार शून्याचं सर्वांत बारीक स्टील वूल, शिलाई मशीनचं तेल, मॉलिब्डेनम ग्रीस, चष्मा. आणि स्प्रिंग दाबायला सुतारांचा लांब क्लॅम्प, दरवाजाची चौकट आवळायला वापरतात तो.

क्लॅम्पशिवाय खोलू नका. स्प्रिंग आत आधीच दाबून बसवलेली असते. पिना निघताच स्प्रिंगला मागून अडवणारा ठोकळा गोळीसारखा सुटतो आणि तोंड नेमकं त्याच दिशेला वाकलेलं असतं.

स्क्रूंसाठी जाड पुठ्ठा घ्या, त्यावर बंदुकीची बाह्यरेषा काढा आणि जो स्क्रू जिथून निघेल तिथेच टोचून ठेवा. पुढच्या दस्त्याच्या डाव्या-उजव्या स्क्रूंची सुद्धा अदलाबदल नको. गंजलेल्या स्क्रूवर आदल्या रात्री तेलाचा एक थेंब सोडा. स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसवून त्याच्या मुठीवर हातोडीचा हलका ठोका द्या, मगच फिरवा.

६. खोलण्याचा क्रम

पहिल्यांदा दस्ता. पुढच्या बाजूचे दोन स्क्रू, चापाच्या कड्याचा स्क्रू, मग लाकूड सरळ खाली उतरवायचं. अडलं तर ओढू नका, एखादा स्क्रू राहिलेला असतो.

दुसऱ्यांदा स्प्रिंग. बंदूक कॉक केलेली नाही याची पुन्हा खात्री करा. नळीच्या तोंडाकडे भोक पाडलेला लाकडी ठोकळा ठेवा म्हणजे नळीची कड दबणार नाही. मागेही लाकूड ठेवा, क्लॅम्प लावा आणि मागचा ठोकळा केसभर पुढे सरकेल एवढंच आवळा. मॉडेल २७ मध्ये हा ठोकळा आडव्या पिनांवर अडकलेला असतो. पिना सैल झाल्या की पंचाने काढा, कोणती कुठल्या बाजूने निघाली ते लिहून ठेवा. काही बंदुकांत, उदाहरणार्थ ब्रिटिश बनावटीच्या वेब्ली मार्क ३ मध्ये, मागचा भाग आट्यांनी फिरवून बसवलेला असतो. तिथे पिना शोधत ठोकत बसू नका.

आता क्लॅम्प सावकाश सैल करा. स्प्रिंग तीन-चार बोटं मागे येते. ती पूर्ण सैल होईपर्यंत हात काढू नका.

तपासा: मॉडेल २७ च्या चापात तीन पोलादी गोळ्या असतात, त्याच पिस्टनला धरून ठेवतात. त्या घरंगळून जातात म्हणून खाली जुना टॉवेल अंथरा आणि तिन्ही मोजून डबीत घाला. हरवलेल्या गोळीच्या जागी सायकलच्या बेअरिंगमधली ‘जवळच्या मापाची’ गोळी घालणं जिवावरचं काम आहे. चाप न ओढता बंदूक सुटते. व्हर्नियरने मोजून नेमक्या मापाचीच घाला, आणि घालायची तर तिन्ही नवी.

शेवटी नळीचा मुख्य बोल्ट. त्याला बहुधा छोटा अडकण-स्क्रू असतो, तो आधी. नळी आणि कॉकिंगचा दांडा सुटला की पिस्टन मागून निघतो.

७. काय ठेवायचं, काय बदलायचं

स्प्रिंग काचेवर लोळवा. लडखडली तर वाकलेली आहे, बदला. गंजाचे खड्डे असतील तरी बदला, तिथूनच ती तुटते. नवी घेताना बाहेरचा व्यास, आतला व्यास, तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि मोकळी लांबी, ही पाचही मापं द्या. दोन्ही टोकं सपाट घासलेली हवीत, नाहीतर पहिल्या शंभर बारांत ती पिस्टन खरवडते. ‘जरा दणकट’ स्प्रिंग मागण्याचा मोह जवळजवळ सगळ्यांना होतो. त्याने नेम सुधारत नाही, बंदूक हातात उडते, चापावर न झेपणारा भार येतो आणि ऊर्जेची मर्यादाही ओलांडली जाऊ शकते. मूळ मापाचीच घाला.

चापाच्या पकडीला, म्हणजे पिस्टन अडवून धरणाऱ्या भागाला, कानस लावू नका. तिथली कडक केलेली कातडी अगदी पातळ असते, ती गेली की आतलं मऊ पोलाद काही दिवसांत झिजतं.

नळीत जुना छर्रा अडकला असेल तर तेल सोडून रात्रभर ठेवा आणि पुढच्या तोंडाकडून पितळी सळईने मागे ढकला. मागून दुसरा बार मारून तो निघत नाही, दोन अडकतात. सफाईला नायलॉनची तंगूस बरी: मागून पुढे ओवायची, गाठीत कापडाची तेल लावलेली चिंधी बांधून ओढायची. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा.

८. चामड्याचं वॉशर

जुन्या बंदुकीची ताकद गेलेली असते ती बहुतेक वेळा इथे. पंपाच्या स्टोव्हमध्ये किंवा सायकलच्या पंपात असतं तसंच हे वाटीच्या आकाराचं वॉशर पिस्टनच्या डोक्यावर असतं. ते सुकून कडक झालं तर हवा बाजूने निसटते. नुसतं सुकलेलं असेल तर नीट्सफूट तेलात (चामडं मऊ करायचं तेल) एक रात्र बुडवा, सकाळी निथळून बोटाने कड बाहेर फाकवा. चिरा असतील तर नवं करा.

झाडाच्या सालीने कमावलेलं, ३ ते ४ मिमी जाडीचं चामडं घ्या. क्रोम चामडं, म्हणजे चपलांच्या वरच्या पट्ट्यांचं मऊ चामडं, वाटीचा आकार धरत नाही. सिलिंडरच्या आतल्या व्यासाएवढा पाइपचा तुकडा आणि त्यात चामड्याची दुहेरी जाडी वजा करून बसेल असा लाकडी गोल ठोकळा, एवढाच साचा. चामडं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. उकळत्या पाण्यात घातलंत तर ते आक्रसून खापरीसारखं होतं. ठोकळ्याने पाइपमध्ये दाबा, दोन दिवस सावलीत सुकू द्या, कड धारदार पात्याने सरळ कापा, स्क्रूसाठी भोक पाडा. मग तेलात रात्रभर ठेवून नीट निथळून घ्या.

तपासा: स्प्रिंग न घालता पिस्टन सिलिंडरमध्ये ढकला, पुढचं हवेचं छिद्र बोटाने बंद करा. हवेची गादी जाणवली आणि हात सोडल्यावर पिस्टन थोडा मागे आला तर वॉशर बसलं. सरळ टोकापर्यंत गेला तर कड लहान पडली.

नळीच्या मुळाचं छोटं वॉशरही बघा. नळी बंद करताना ते किंचित दबलं जावं एवढं वर हवं. खाली बसलं असेल तर त्याखाली कागदाची पातळ चकती घातली तरी पुष्कळदा भागतं.

९. गंज आणि लाकूड

व्हिनेगर, लिंबू, टॉयलेटचं ॲसिड यांपैकी काहीही नको. गंजाबरोबर पोलादाचा काळानिळा थरही जातो आणि तो घरी परत येत नाही. तेल लावा, एक दिवस मुरू द्या, मग स्टील वूलने हलक्या हाताने घासा. स्वयंपाकघरातली तारेची घासणी म्हणजे स्टील वूल नव्हे, तिचे ओरखडे कायमचे. गंजाचा घट्ट पोपडा तांब्याच्या पट्टीच्या कडेने खरवडा, तांबं मऊ असल्याने पोलादाला ओरखडा पडत नाही. तपकिरी छटा उरली तर उरू द्या, ती वयाची आहे.

दस्त्याला पॉलिश पेपर लावू नका, कडा गोल होतात, शिक्के जातात, आणि लाकूड धातूपेक्षा खाली बसतं. आरीच्या टोकाने आतून टोचून वाळवी बघा. मळ टर्पेंटाइनच्या फडक्याने निघतो. खोक पडली असेल तर ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री काही सेकंद टेकवा, दबलेले तंतू फुगून वर येतात. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात, दोन हातांत एक दिवसाचं अंतर, प्रत्येक वेळी उरलेलं तेल पुसून.

इशारा: जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

१०. जोडणी आणि वंगण

जोडणी उलट क्रमाने. वंगणाचं प्रमाण मात्र बहुतेकांचं चुकतं. पिस्टनच्या अंगाला मॉलिब्डेनम ग्रीस हरभऱ्याच्या डाळीएवढं, बोटाने पसरून चकाकी येईल इतपत. स्प्रिंगवर तेवढंच. कॉकिंगच्या सांध्यांत एकेक थेंब तेल. वॉशरच्या पुढे, हवेच्या बाजूला, काहीही नाही. तिथे तेल किंवा रॉकेल गेलं तर दाबाने तापलेल्या हवेत ते डिझेल इंजिनसारखं पेटतं. मोठा आवाज आणि निळा धूर याला लोक ताकद समजतात, खरं तर त्यात वॉशर जळत असतं.

पिस्टन घालताना वॉशरची कड सिलिंडरच्या खाचेत कापली जाते. पातळ प्लॅस्टिकची पट्टी आत धरून त्यावरून सरकवा. तिन्ही गोळ्या घट्ट ग्रीसमध्ये रुतवून बसवा म्हणजे क्लॅम्प आवळताना पडणार नाहीत.

तपासा: बंदूक कॉक करून नळी कोणत्याही कोनात सोडली तरी तिथेच राहावी. झुलत खाली आली तर मुख्य बोल्ट पाव फेरा आवळा. हे करताना बोट चापापासून लांब.

११. चाचणी

नळी हाताने घट्ट धरून कॉक करा आणि धरूनच ठेवा. दस्त्याच्या बुडावर तळहाताने चार-पाच ठोके द्या. नळीने झटका दिला तर पकड धरत नाही, परत खोला. टिकली तरच छर्रा भरायचा.

लक्ष्य म्हणून जुन्या वर्तमानपत्रांनी ठासून भरलेला खोका, मागे भिंत, डोळ्यांवर चष्मा. पोलादी पत्रा नको, छर्रा उलटून येतो. पहिल्या दहा-पंधरा बारांत थोडा धूर चालतो. त्यानंतरही फटाक्यासारखा आवाज आला तर थांबा, आत तेल जास्त आहे. नळीच्या सांध्यावर टिश्यू कागदाचा तुकडा ठेवून बार काढा. तो उडाला तर मुळाचं वॉशर गळतंय.

वेगमापक मिळाला तर दहा बार मोजा. ०.५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १८० मीटर गेला तर ऊर्जा ८.१ जूल. पण एका आकड्यापेक्षा दहा आकड्यांतलं अंतर बोलकं असतं. ते सेकंदाला पाच-सहा मीटरच्या आत हवं. पंधरावर गेलं तर वॉशरकडे परत जा. पन्नास बारांनंतर दस्त्याचे स्क्रू पुन्हा आवळा, ते हमखास ढिले होतात. छर्रे शिशाचे असतात, हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका. आणि नेम फक्त कागदावर. पाखरावर छर्रा मारणं ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली शिकार ठरू शकते.

१२. ठेवायची कशी

कॉक केलेली कधीही ठेवू नका. स्पंजच्या कव्हरात किंवा गोणपाटात गुंडाळू नका, दोन्ही ओल धरतात, आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंज परत येतो. सुती कापडाची सैल पिशवी, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, भिंतीपासून वीतभर दूर, कुलुपात, छर्रे वेगळ्या जागी. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बाहेर काढा आणि जिथे जिथे हात लागला असेल तिथे तेलाचं फडकं फिरवा. घामाच्या बोटांचे ठसे गंजून सगळ्यात आधी दिसतात.